वऱ्हाडातील भूदृश्य-छायाचित्रण

एखाद्या भूप्रदेशाचे रूप, त्या प्रदेशाशी निगडित असलेली मानवी स्मृती आणि काळाच्या ओघात त्यात घडून आलेले स्थित्यंतर ही छायाचित्राच्या द्वारे प्रकट करणाऱ्या कलाप्रकारास भूदृश्य-छायाचित्रण म्हणतात. भूगोलाच्या अथवा भूविज्ञानाच्या अभ्यासासाठी घेतलेली छायाचित्रे आणि प्रवाशांची स्मरणचित्रे यांहून हा प्रकार हेतूने वेगळा आहे. तथापि त्याच्या इतिहासात या तिन्हींची सरमिसळ झालेली दिसते. केवळ नोंद म्हणून घेतलेले चित्र शंभर वर्षांनी कलाकृती म्हणून पाहिले जाते आणि कलाकृती म्हणून घेतलेले चित्र पुढे पुरावा ठरते. प्राचीन विदर्भाचा पश्चिम भाग म्हणजे वऱ्हाड हा प्रदेश या दृष्टीने लक्षणीय आहे. भारतातील आरंभीच्या छायाचित्रणाचा एक महत्त्वाचा टप्पा त्याच्या सीमेवर घडला. परंतु वऱ्हाडची सर्वसामान्य भूमी, म्हणजे काळ्या मातीची शेते, नद्यांचे काठ, गावे व तांडे, कॅमेऱ्यासमोर फार उशिरा आली. प्रस्तुत नोंदीत वाशिम जिल्हा केंद्रस्थानी ठेवून या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

भूप्रदेश व त्याची स्मृती : वऱ्हाडचे परंपरेने पयनघाट व बालाघाट असे दोन भाग मानले जातात. पूर्णा नदीचे सपाट खोरे म्हणजे पयनघाट आणि त्याच्या दक्षिणेस अजिंठा डोंगररांगेच्या फाट्यांवर पसरलेला उंच भाग म्हणजे बालाघाट. वाशिम जिल्हा मुख्यत्वे बालाघाटात मोडतो. काटेपूर्णा नदी येथे उगम पावून उत्तरेस पूर्णेला व पर्यायाने तापीला मिळते, तर पैनगंगेचे व अडाण, अरुणावती या नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे दोन महानद्यांचा जलविभाजक या जिल्ह्यातून जातो. उंच सुळके वा खोल दऱ्या येथे क्वचितच दिसतात. लांबवर पसरलेले सौम्य चढउतार, माळरान, सागाची विरळ जंगले आणि कापूस, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन यांची शेते हे या भूदृश्याचे घटक होत.

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. राजशेखराने वत्सगुल्माचा विदर्भातील नगर म्हणून उल्लेख केला आहे. येथे १९३९ साली सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व प्रस्थापित झाले. त्यात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. मात्र ज्या नगरातून हे राज्य चालले त्या वाशिममध्ये वाकाटककालीन वास्तू जमिनीवर उभी दिसत नाही. पद्मतीर्थासारखी तीर्थे, अठराव्या शतकात भवानी काळू याने बांधलेले बालाजी मंदिर व त्याचे तळे ही शहराची दृश्य ओळख आहे. त्यापूर्वीची स्मृती ताम्रपटात, ग्रंथांतील उल्लेखांत व स्थलमाहात्म्यात राहिली आहे. कॅमेऱ्याला दिसते ते पृष्ठभागावरचे. ज्या भूमीचा इतिहास पृष्ठभागाखाली गेला आहे तिचे चित्रण कसे करावे, हा प्रश्न येथे आरंभापासूनच उपस्थित होतो.

प्रारंभ : छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये फ्रान्स व इंग्लंडमध्ये जाहीर झाल्यानंतर अल्पावधीतच ही कला भारतात पोहोचली. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर एतद्देशीय मंडळीही होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी एक होत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय केला. भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन १८६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले. शिलालेखाचे वाचन आणि छायाचित्र या दोन्ही साधनांनी गतकाळ दृश्य करण्याचा उद्योग एकाच पिढीत, किंबहुना एकाच कुटुंबात, चालू होता ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

या काळातील मराठी छायाचित्रकारांचा भर व्यक्तिचित्रणावर होता. त्यास कारणेही तशीच होती. भूदृश्याच्या चित्रणासाठी अवजड कॅमेरा, काचपट्ट्या, रसायने व काळोखी राहुटी घेऊन हमाल-गाडीवानांसह दूरचा प्रवास करावा लागे. हा खर्च सरकारी नेमणूक असलेल्यास किंवा धनवान हौशी व्यक्तीसच परवडे. त्यामुळे भूमीचे चित्रण दीर्घकाळ लष्करी अधिकारी, अभियंते व पुरातत्त्व खात्याचे कर्मचारी यांच्याच हाती राहिले.

रॉबर्ट गिल (१८०४–७९) : वऱ्हाडच्या संदर्भात पहिले महत्त्वाचे नाव मेजर रॉबर्ट गिल याचे आहे. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याची १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. अजिंठा गावी राहून त्याने अनेक वर्षे तैलरंगात मोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. चित्रकार गिलचे आयुष्यभराचे काम अशा रीतीने एका रात्रीत गेले. छायाचित्रकार गिलचे काम मात्र राहिले. प्रतिकृतींच्या जोडीने १८५० नंतरच्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह १८६४ मध्ये दोन ग्रंथांतून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक भारतातील शैलमंदिरांवर आहे, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तुकला व निसर्ग यांची शंभर द्विनेत्री (स्टिरिओस्कोपिक) चित्रे आहेत. गिलने लोणार येथील मंदिरांचीही छायाचित्रे घेतली. त्याचा मृत्यू १८७९ मध्ये झाला व दफन भुसावळ येथे करण्यात आले.

द्विनेत्री छायाचित्रात थोड्या अंतरावरील दोन भिंगांनी एकाच दृश्याची दोन चित्रे घेतली जातात. विशिष्ट उपकरणातून ती एकत्र पाहिली असता खोलीचा प्रत्यय येतो. गिलच्या हाती हे तंत्र केवळ करमणुकीचे राहिले नाही. लेण्यांच्या अंधारातून बाहेर दिसणारी दरी, खांबांच्या रांगेमागचा उजेड, पडक्या मंदिराच्या दगडांत रुजलेली झाडे यांतील अंतरांचा परस्परसंबंध त्याने नेमका टिपला. फर्ग्युसनला या चित्रांत वास्तुशैलीच्या वर्गीकरणाची सामग्री दिसली. आजच्या प्रेक्षकास मात्र त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही स्थळे कोणत्या अवस्थेत होती, म्हणजे संवर्धनापूर्वीचा ढासळलेपणा, गवत व माती यांचा साक्षात प्रत्यय येतो. गिल ज्या भित्तिचित्रांपुढे बसला, ती वत्सगुल्माच्या राजकुलाच्या छत्राखाली घडली, हे त्याच्या काळी ज्ञात नव्हते. वाशिमचा ताम्रपट उजेडात येण्यास त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लागली. छायाचित्राचा अर्थ ते घेतले त्या क्षणी निश्चित होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तंत्र व त्याचा भूदृश्यावरील परिणाम : फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओली कलोडियन पद्धती गिलच्या पिढीत सर्वत्र रूढ झाली. काचपट्टीवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे आणि थर ओला असेतोच उद्भासन व विकाशन ही दोन्ही कामे उरकावी लागत. दख्खनच्या कोरड्या उष्म्यात हा अवधी फारच थोडा मिळे. शिवाय काचा धुण्यास स्वच्छ पाणी भरपूर लागे. अशा अडचणींमुळे छायाचित्रकार पाण्याच्या जवळ, वाटेच्या जवळ आणि हिवाळ्यात काम करीत. सरकारी अधिकाऱ्यांचे दौरेही पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत होत.

या तांत्रिक वस्तुस्थितीचा परिणाम वऱ्हाडच्या चित्रित रूपावर खोलवर झाला. कलोडियनचा थर निळ्या किरणांना अतिसंवेदनशील असल्यामुळे आकाश चित्रात कोरे पांढरे येई. तांबड्या व हिरव्या रंगांना तो फारसा प्रतिसाद देत नसल्याने झाडी काळपट दिसे. परिणामी त्या काळच्या चित्रांत ढग बहुधा आढळत नाहीत. ज्या प्रदेशाचे जीवन मृगाच्या पावसाकडे डोळे लावून चालते, त्याच्या पहिल्या चित्रांत पाऊसच नाही. नांगरलेले काळे रान, पेरणी, ओढ्यांना आलेले पूर, श्रावणातील हिरवाई यांपैकी काहीही त्या चित्रांत आले नाही. पुढील पिढ्यांनी जुना वऱ्हाड म्हणून पाहिला तो बव्हंशी हिवाळ्या-उन्हाळ्याचा, निष्पर्ण व उजाड वऱ्हाड होता. काळी माती प्रकाश फार थोडा परावर्तित करते. तिच्यावरचे आकाश मात्र प्रखर असते. या दोन टोकांमधील अंतर त्या काळच्या पट्टीच्या आवाक्याबाहेरचे होते. एक तर आकाश राखावे आणि भूमी काळी ठिक्कर होऊ द्यावी, अथवा भूमी राखावी व आकाश घालवावे, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती असे. सर्व रंगांना संवेदनशील असणाऱ्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या आरंभी मिळू लागल्या, तेव्हा ही अडचण काहीशी दूर झाली.

रुचीचाही प्रश्न होता. इंग्रज छायाचित्रकारांवर अठराव्या शतकापासून रूढ असलेल्या चित्रोपमतेच्या कल्पनेचा पगडा होता. अग्रभागी वृक्ष वा खडक, मध्यभागी पाणी वा अवशेष आणि पार्श्वभूमीस पर्वत अशी रचना असलेले दृश्य त्यांना चित्रणयोग्य वाटे. हिमालयाची छायाचित्रे घेणारा सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) हा या दृष्टीचा प्रमुख प्रतिनिधी होय. तिच्या निकषांवर वऱ्हाडचे सपाट कापसाचे रान उतरत नव्हते. म्हणून गाविलगड, मेळघाट, मुक्तागिरी, लोणार अशी स्थळे प्रसिद्धीस आली व पयनघाटाचे मैदान आणि वाशिमचे पठार उपेक्षित राहिले. याच काळात वऱ्हाडची भूमी झपाट्याने बदलत होती. १८५३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. कारंजा ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. गवताळ राने मोडून शेते झाली, परंतु या स्थित्यंतराची कलात्मक चित्रमालिका निर्माण झाली नाही.

पुरातत्त्वीय छायाचित्रण : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाचे कार्य पुरातत्त्व खात्याकडे गेले. पश्चिम भारत विभागाचे प्रमुख हेन्री कझन्स (१८५४–१९३३) यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडमधील प्राचीन अवशेषांची सूची १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. त्यात लोणार, मेहकर यांच्याबरोबर वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील जैन मंदिराचाही परामर्श घेतला आहे. या छायाचित्रांत कलेचा आव नाही. वास्तू समोरून वा कोनातून, स्वच्छ उन्हात, विकृती न येईल अशा बेताने घेतलेली असते. मापासाठी एखादा माणूस शेजारी उभा केलेला असतो. त्या माणसाचे नाव नोंदलेले नसते. तथापि फेटा, धोतर, उभे राहण्याची ढब यांमुळे आजचा प्रेक्षक प्रथम त्याच्याकडेच पाहतो. मंदिराची उंची सांगण्यासाठी उभा केलेला हा मनुष्य त्या काळच्या वऱ्हाडी जीवनाचा अनाहूत साक्षीदार ठरला आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून काही काळ नोकरी केली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी केलेले काम हे यास समांतर होय. वास्तू व दरबार यांच्या भव्य चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. तथापि १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात चाललेल्या मदतकार्याची चित्रेही त्यांच्या चित्रशाळेने घेतली. हाच दुष्काळ वऱ्हाडातही तीव्र होता. भूमी केवळ प्रेक्षणीय नसून माणसांच्या जगण्यामरण्याचे क्षेत्र आहे, ही जाणीव अशा चित्रांतून प्रथम व्यक्त झाली. मात्र त्यांचा मूळ हेतू शासनाच्या कार्याची नोंद करण्याचा होता.

भूमी हीच साक्ष : स्थळाच्या चित्रातून स्मृती जागविण्याचा प्रयत्न मराठी छायाचित्रकारांत नारायण विनायक विरकर (१८९०–१९६८) यांच्या कामात ठळकपणे दिसतो. अमृतसर येथील जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर (१३ एप्रिल १९१९) त्यांनी तेथे जाऊन छायाचित्रे घेतली. घटना घडून गेलेली होती. उरल्या होत्या त्या भिंती. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा व त्यांकडे बोट दाखविणारी माणसे एवढेच या चित्रांत आहे. गर्दी, रक्त वा मृतदेह यांपैकी काहीही न दाखविता रिकामी जागा घडलेल्या गोष्टीची साक्ष कशी देते, हे त्यांतून दिसून आले. अतीत घटनेचे छायाचित्र घेता येत नाही, परंतु ती जेथे घडली त्या भूमीचे घेता येते, हे या कलाप्रकाराचे मूलसूत्र त्यांनी सिद्धान्त न मांडता प्रत्यक्षात आणले.

याउलट मुंबईतील हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत १९२०–५० या काळात चित्रसदृश शैलीचे प्राबल्य होते. धुके, सायंप्रकाश, पाण्यातील प्रतिबिंबे, गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ हे तिचे आवडते विषय होत. मुंबईत १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ने प्रदर्शने भरवून या शैलीस उत्तेजन दिले. तिच्यामुळे छायाचित्रास कलेची प्रतिष्ठा मिळाली. पण खेडे हे कालातीत व सुखी आहे असा भासही तिने निर्माण केला. स्थित्यंतर हा तिचा विषय नव्हता. त्याच काळात तालुक्याच्या गावी निघालेल्या चित्रशाळांत ग्राहकामागे रंगविलेला पडदा असे. त्यावर सरोवर, हिमशिखरे, राजवाड्याचे जिने असत. वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबे आपल्या शेतापासून दूर येऊन या पडद्यासमोर बसत. स्वतःची भूमी चित्रात यावी असे कोणास वाटत नव्हते. तशी कल्पनाच रूढ नव्हती.

पाश्चात्त्य प्रवाह : पाश्चात्त्य देशांत नगरांतील स्थित्यंतराचे चित्रण लवकर सुरू झाले. शार्ल मार्व्हिल (१८१३–७९) याने पाडल्या जाणार असलेल्या पॅरिसमधील जुन्या गल्ल्यांची, तर अझेन अत्झे (१८५७–१९२७) याने उरलेल्या जुन्या पॅरिसची छायाचित्रे घेतली. अमेरिकेत अँसेल ॲडम्स (१९०२–८४) याने निर्मनुष्य निसर्गाचे भव्य रूप उभे केले आणि प्रकाशाच्या छटांचे नियंत्रण करणारी ‘झोन पद्धती’ विकसित केली. त्यावरील प्रतिक्रिया १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनातून व्यक्त झाली. रॉबर्ट ॲडम्स, लुइस बॉल्ट्झ, बेर्न्ट व हिला बेखर आदींनी त्यात गोदामे, वसाहती, रस्ते व कारखाने अशी माणसाने बदललेली भूमी निर्विकार दृष्टीने मांडली. १९७७–७९ मध्ये मार्क क्लेट व त्याच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षण-छायाचित्रकारांच्या नेमक्या जागा शोधून, त्याच कोनातून व शक्यतो त्याच ऋतूत व वेळी पुन्हा छायाचित्रे घेतली. पुनर्छायाचित्रण म्हणून ओळखली जाणारी ही पद्धती कला व शास्त्र या दोहोंना उपयुक्त ठरली. जुन्या चित्रातील क्षितिजरेषा, खडक वा वास्तूचे कोपरे यांच्या सापेक्ष स्थितीवरून मूळ कॅमेऱ्याची जागा निश्चित करता येते. दोन चित्रे शेजारी ठेवली असता त्यांमधील काळच प्रेक्षकापुढे येतो.

महाराष्ट्रातील स्थित्यंतराचे चित्रण : स्वातंत्र्योत्तर काळात धरणे हा महाराष्ट्राच्या भूदृश्यातील सर्वांत मोठा बदल होय. उजनी जलाशयात बुडालेले पळसदेव येथील मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे घेण्यासाठी लोक तेथे जातात. बुडालेल्या गावाची आठवण अशा रीतीने दुष्काळाच्या वर्षी वर येते. हवाई छायाचित्रणाने भूमीचे वेगळेच रूप पुढे आणले. गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून घेतलेली किल्ले व सागरकिनाऱ्यांची चित्रे आणि उद्धव ठाकरे यांचा ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) हा चित्रग्रंथ ही त्याची परिचित उदाहरणे होत. या दृष्टीत भूरचनेचे आकलन होते. मात्र जमिनीवर राबणारा माणूस फार लहान होतो.

वऱ्हाडात या काळात घडलेली स्थित्यंतरे संथ आणि म्हणूनच चित्रणास अवघड आहेत. वाशिम, अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ व वर्धा या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र शासनाने विशेष मदत जाहीर केली. त्या सुमारास देशभरातील वृत्तछायाचित्रकार येथे आले. त्यांनी घेतलेल्या चित्रांत भिंतीवरील हार घातलेली तसबीर आणि तिच्याजवळ बसलेली विधवा ही रचना इतक्या वेळा आली की तिचा साचा बनला. चित्रातील चित्र हा यातील मर्मभेदक भाग खरा, परंतु ज्या शेतामुळे हे घडले ते शेत चौकटीबाहेर राहिले. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयाने (‘पारी’) विदर्भातील शेती, पीक व हवामान यांची दीर्घ मुदतीची सचित्र नोंद ठेवण्यास आरंभ करून ही उणीव अंशतः भरून काढली.

लोहमार्गांची चित्रे हा दुसरा विषय होय. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाने परिचित असलेली अरुंदमापी गाडी कारंज्यावरून जात असे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर, नंतर डीझेलवर चालली आणि २०१० नंतरच्या दशकात बंद पडली. तिची विपुल छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती बहुतेक इंजिनाच्या प्रेमाने घेतलेली असली, तरी त्यांत नकळत उतरलेली शेते, बाभळी व स्थानकावरील माणसे आता अधिक मोलाची वाटतात. अकोला–पूर्णा हा वाशिमवरून जाणारा मार्ग २००८ मध्ये मीटरमापातून रुंदमापी झाला. त्यानंतरचे सर्वांत दृश्य स्थित्यंतर म्हणजे नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. टेकड्या कापून व भराव घालून केलेल्या या सरळ रेषेने शेतांची, वाटांची आणि ओढ्यांची जुनी जुळणी बदलली. ‘न्यू टोपोग्राफिक्स’ परंपरेतील छायाचित्रकारास याहून योग्य विषय सापडणे कठीण.

लोणार सरोवराची चित्रे या संदर्भात बोधप्रद आहेत. अशनिपाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या सुमारे १·८ किमी. व्यासाच्या विवराची चित्रमालिका गिलच्या काळापासून आजपर्यंत जवळजवळ अखंड आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. क्षारता वाढल्यामुळे फोफावलेल्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा तो परिणाम असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. त्या गुलाबी चित्रांचे मोल त्यांच्या नवलात नसून आधीच्या दीडशे वर्षांच्या चित्रांशी त्यांची तुलना करता येते यात आहे. वाशिम पठारावरील बहुतेक स्थळांबाबत अशी तुलना करण्याची सोय नाही.

संग्रह व जतन : वऱ्हाडच्या जुन्या छायाचित्रांचा मोठा भाग लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहांत आहे. त्यांचा शोध घेताना प्रशासकीय इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. इंग्रजी अमदानीत वाशिम हा ‘बासिम’ या नावाने स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. त्यामुळे एकाच गावाचे चित्र बासिम, अकोला, वऱ्हाड किंवा हैदराबाद यांपैकी कोणत्याही नावाखाली नोंदलेले असू शकते. शिरपूरचे चित्र छत्तीसगढमधील सिरपूरच्या चित्रांत मिसळण्याचाही संभव असतो. ज्यांच्या भूमीची ही चित्रे आहेत त्यांना ती आपली म्हणून सापडत नाहीत, हे या संग्रहांचे मोठे व्यंग होय.

दुसरा, अधिक नाजूक संग्रह गावोगावी आहे. जुन्या चित्रशाळांतील काचा व फिल्म, शाळा, सहकारी संस्था व देवस्थाने यांच्या भिंतींवरील तसबिरी, घरोघरच्या पेट्यांतील लग्नांची व यात्रांची छायाचित्रे यांत भूदृश्य पार्श्वभूमीस आलेले असते. पोहरादेवीची यात्रा, पद्मतीर्थाचा घाट, कारंज्याच्या वेशी, बाजाराचा दिवस, विहिरीवरची मोट यांची चित्रे अशा ठिकाणीच मिळण्याची शक्यता असते. दमटपणा, बुरशी, वाळवी आणि व्यवसाय बंद करताना होणारी विल्हेवाट यांमुळे हा साठा वेगाने नाहीसा होत आहे. काचपट्ट्यांवरील चांदी मिळविण्यासाठी त्या धुऊन टाकण्याची प्रथाही पूर्वी होती. अशा चित्रांचे अंकीय प्रतिलेखन करताना स्थळ, ऋतू, दिशा आणि चित्रातील व्यक्तींची त्यांच्या संमतीने घेतलेली माहिती यांची नोंद केल्यास पुनर्छायाचित्रणास आधार मिळू शकतो. जुने चित्र ओळखू शकणारी पिढी हयात असेपर्यंतच हे काम होऊ शकते; तिच्यानंतर चित्र राहिले, तरी ते कोणत्या शिवाराचे हे सांगणारे कोणी राहणार नाही.